जलशाची बैठक आणि गावाची शांतता



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, आणि गावोगाव फिरत ती आमच्या अहमदपुरापर्यंत येऊन पोहोचली. या व्यासपीठावर बहुधा पदवीधर वक्ते बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून आणि वाचनालयात दिवे मालवेपर्यंत बसून झाले. गेली तीस वर्षे आम्ही हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करीत आहोत. तेव्हा आजचा विषय आम्ही संगीतज्ञ म्हणून मांडत नाही. स्वरतालाचे आम्हांस ज्ञान नाही. गाणे ऐकायला माणसे एकत्र बसली म्हणजे त्यांच्यात सलोखा होतो काय, झाला तर तो किती दिवस टिकतो, आणि कशाच्या बळावर टिकतो, एवढेच आम्ही इतिहासाला विचारणार आहोत.

हा प्रश्न काढण्याचे कारण आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे. अलीकडे कोठे तणाव झाला की महिन्याभरात सद्भावनेच्या संगीतसभेचा फलक लागतो. मंडप, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, पुढाऱ्यांची भाषणे, चार गीते आणि आभारप्रदर्शन असा तो कार्यक्रम असतो. अशा सभा आम्हीही भरविल्या आहेत. चेष्टा करणारे म्हणतात की, गाण्याने दंगे थांबत असते तर पोलीस ठाण्यात पेट्या-तबले ठेवले असते. कौतुक करणारे म्हणतात की, सुराला जात नाही, धर्म नाही. एकदा गाणे सुरू झाले की मने आपोआप जुळतात. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्ही मते गाण्याकडे पाहतात. बैठकीकडे कोणी पाहत नाही.

'जलसा' हा शब्दच घ्या. तो अरबीतून आपल्याकडे आला, आणि त्याचे मूळ 'बसणे' या धातूत आहे. 'मैफल' हाही तिकडचाच शब्द. त्याचा अर्थ लोक जमण्याची जागा. म्हणजे ज्यांनी हे शब्द घडविले त्यांनी गळ्याला नाव दिले नाही, बसण्याला नाव दिले. कोण कोणाजवळ बसले, कोणत्या जाजमावर बसले, कोणाला बोलावले नाही आणि उठल्यावर काय केले, हे प्रश्न जलशाच्या नावातच आहेत.

आता आपल्या मुलखापासून सुरुवात करू. आज आपण लातूर जिल्ह्यात आहोत. पण हा जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वी आपण उस्मानाबादेत होतो. आणि त्याही आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तीन तालुके निजामाच्या राज्यातील बिदर जिल्ह्यात होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात कानडी आणि थोडी तेलुगू अशी आमच्या आजोबांची पिढी चार भाषा कानांवर घेऊन जगली. अशा मुलखात एकाच भाषेचे आणि एकाच पंथाचे गाणे वाढणे शक्यच नव्हते. बिदरच्या बहामनी घराण्यातले समजले जाणारे शहा मुंतोजी मराठीत अध्यात्म लिहितात आणि मृत्युंजय या नावाने ओळखले जातात. कपिलधारच्या मन्मथस्वामींचे मराठी अभंग लिंगायत मंडळी आजही रात्र रात्र म्हणतात. मोहरमच्या दिवसांत, जिथे मुसलमानांचे एखादेच घर आहे अशाही खेड्यांत, सवारी बसते, अलावा पेटतो आणि कुणब्यांची पोरे करबल्याची मराठी गाणी म्हणत त्याभोवती फेर धरतात.

आणि पैठणच्या नाथांचे तर उदाहरणच अजोड आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून भांडतात. भांडण सौम्य नाही. एकमेकांच्या देवांवर, आचारांवर, सोवळ्या-ओवळ्यावर ते तोंडाला येईल ते बोलतात. ऐकणारा हसतो, मग दचकतो, आणि शेवटी ते दोघे एकमेकांचे म्हणणे पटून जवळ येतात. आम्हांस यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नाथांनी भांडण झाकून ठेवले नाही. आधी दोघांना पोटातले सगळे बोलू दिले, आणि मग मिलाफ घडविला. आजच्या सद्भावनेच्या सभेत नेमके हेच कोणी होऊ देत नाही.

इथवर ऐकून कोणास वाटेल की, पूर्वी सगळे गोड होते. तसे नव्हते, आणि गाणे नेहमी शांततेच्याच बाजूला होते असेही नव्हे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तोपर्यंत पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदूही हौसेने नाचत असत. दंग्यानंतर सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ जोरात आली आणि तिच्याबरोबर मेळे आले. मुलांना एकसारखा पोषाख घालून, पदे बसवून, गावभर गात फिरविण्याची ती पद्धत. १८९४ सालच्या काही मेळ्यांच्या पदांत हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा उपदेश होता, आणि त्याच सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून मेळा वाजतगाजत जाताना मारामारी झाली. याच मेळ्यांनी पुढे स्वराज्याचा प्रचार खेड्यापाड्यांत नेला, हेही तितकेच खरे. पण एका वर्षात ताबुताचे नाचणारे पाय निराळ्या वाटेने गेले, आणि ते गाण्यानेच नेले, हे विसरता येत नाही. ढोल तोच, गळे तेच, आणि ऐकणारेही पुष्कळसे तेच. फरक पडला तो कोणास बोलावले आणि कोणास वगळले यात.

मग उलट बाजूने विचारू. गाणे बाजूला ठेवून नुसत्या पोटाच्या प्रश्नावर माणसे एकत्र केली तर शांतता टिकते काय? आमच्या धंद्यातले बरेच लोक असेच समजतात. त्यांनी १९२८-२९ चा इतिहास वाचावा. एप्रिल १९२८ पासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. कोकणातला मराठा, घाटावरचा कुणबी, उत्तरेकडचा मुसलमान जुलाहा आणि दलित कामगार एकाच मागणीसाठी सहा महिने उपाशी राहिले. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, ही संघटना याच संपात जन्मली. हिंदुस्थानातील कामगारांची एवढी मोठी एकजूट तोवर कोणी पाहिली नव्हती.

आणि चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९२९ मध्ये, मुंबईत एक आवई उठली. पठाण लहान मुले पळवितात आणि पुलाच्या पायात बळी देतात, अशी ती आवई. पठाण हे सावकार म्हणून कामगारांच्या दारात लाठी घेऊन उभे राहत, आणि शिवडीच्या तेल कंपन्यांच्या संपात संप फोडण्यासाठीही त्यांना कामावर आणले होते. म्हणून आवईला जमीन तयार होती. आधी पठाणांवर हल्ले झाले, मग तो हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, आणि शंभराहून अधिक माणसे मेली. सहा महिन्यांची भूक ज्यांना फोडू शकली नाही त्यांच्या वस्त्यांत एका अफवेने माणसे मारली. पगाराच्या मागणीने हात एकत्र आले होते. पण शेजारच्या चाळीतला माणूस कोण, त्याची आई काय गाते, त्याच्या घरात मेल्यावर काय म्हणतात, हे कोणास ठाऊक नव्हते. अनोळखी माणसाविषयीच अफवा खरी वाटते.

कामगार चळवळीने यातून धडा घेतला, पण त्याला पंधरा वर्षे लागली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक काढले. या तिघांपैकी अमर शेख आम्हांस अधिक जवळचे, कारण ते आमच्या शेजारचे. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, बार्शीचा. मूळ नाव महबूब हुसेन. बार्शी ब्रिटिश मुलखात आणि लातूर निजामाच्या. पण १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी दोन्ही गावांना जोडीत असे, आणि मालाबरोबर गाणीही इकडून तिकडे जात. घर गरीब. आई मुनेरबी हिला मराठी लोकगीते येत, ओव्या येत; मुलाचा कान तिने घडविला. मुसलमान आईच्या तोंडून मराठी जात्यावरची गाणी शिकलेला हा मुलगा मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत लागला, संपात पुढारी झाला आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट होऊन बाहेर आला. म्हणजे शाहीर होण्याच्या आधी तो आमच्याच धंद्यातला माणूस होता. ध्वनिक्षेपकावाचून हजारोंच्या सभेत पोहोचणारा आवाज अशी त्याची ख्याती झाली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्याच वर्षी १८ जुलैला अण्णा भाऊ गेले होते. दीड महिन्याच्या आत महाराष्ट्राचे दोन आवाज थांबले.

या कलापथकाने काय केले ते बारकाईने पाहिले पाहिजे. पहिले असे की, तमाशाचा साचा त्यांनी ठेवला, पण त्याच्या दारावरची पाटी बदलली. गणात गणेशाला वंदन असे. अण्णा भाऊंनी ते मायभूमीला आणि हुतात्म्यांना केले. बाईच्या छेडछाडीवर उभी असलेली गौळण त्यांनी सोडली. या दोन बदलांमुळे बाया-पोरी पुढे येऊन बसू शकल्या, आणि कोणत्याही धर्माच्या कामगाराला पहिल्या पदापासून आपण पाहुणे आहोत असे वाटेनासे झाले. दुसरे असे की, त्यांची बैठक संघटनेच्या जागेत होती. कामगार मैदानावर, चाळीच्या चौकात, संपाच्या मंडपात कार्यक्रम होई, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच जाजमावर वर्गणी गोळा होई, कमिटी बसे, दुसऱ्या दिवशीच्या कामाची वाटणी होई. तिसरे असे की, त्यांनी दुःखाची नावे घेतली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्यांनी गाणी केली, आणि फाळणीच्या रक्तपातात अण्णा भाऊंनी 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हा पोवाडा रचला. पोवाडा हा वीराचा. त्यात तलवार चालते, गड जिंकला जातो. दंग्याचा पोवाडा करायचा म्हणजे वीर कोण? अण्णा भाऊंनी तो मेलेल्यांच्या बाजूने उभा केला. एका बाजूच्या मेलेल्यांवर गाणे रचणे सोपे असते, आणि ते दुसऱ्या दंग्याचे बी असते.

अशी कामे एका पक्षानेच केली असे मात्र नाही. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक वसंत बापट आदींच्या गीतांनी तेच जाजम निराळ्या रंगाचे अंथरीत होते. सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी चळवळीचे जलसे तर याहून जुने. आमचा मुद्दा पक्षाचा नाही. मुद्दा असा की, ज्या ज्या गाण्याने माणसे जोडली, त्या त्या गाण्याच्या मागे दुसऱ्या दिवशी उघडणारे एखादे दार होते. शाखेचे, कमिटीचे, वसतिगृहाचे, युनियनचे.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये आम्ही नुकतेच मोंढ्यात हमालीस लागलो होतो. अयोध्येची बातमी आली आणि बाजार बंद झाला. मोंढ्याच्या आवारात दोन निंब आहेत. एकाखाली हिंदू हमाल जमले, दुसऱ्याखाली मुसलमान हमाल. कालपर्यंत एका टोळीत एका पोत्याला चार हात लावणारी ही माणसे. दर तासाला कोठून तरी एक नवी आवई येई, आणि प्रत्येक निंबाखाली ती निराळी असे. आमच्या टोळीचे मुकादम म्हातारे होते. त्यांनी काही भाषण केले नाही. टोळीत एक ढोलकीवाले होते. गुरुवारच्या भजनात तेच वाजवीत आणि उरुसाच्या संदलमध्येही तेच. सारे त्यांना चाचा म्हणत. मुकादमांनी त्यांच्या घरून ढोलकी आणविली आणि काट्याच्या ओट्यावर, म्हणजे दोन निंबांच्या बरोबर मध्ये, त्यांना बसविले. चाचा बराच वेळ नुसती वादी ओढीत राहिले. मग वाजवू लागले. कोणी गायले नाही. त्या दिवशी भजनही म्हणवत नव्हते आणि नातही म्हणवत नव्हती. पण पाऊण तासाने ओट्याच्या पायऱ्यांवर दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस माणसे बसली होती.

एवढ्यावर आमची गोष्ट थांबली असती तर ती गोड झाली असती, आणि खोटी. संध्याकाळी तीच माणसे पुन्हा आपापल्या गल्लीत गेली आणि रात्रभर जागी राहिली. फरक पडला तो दुसऱ्या दिवशी. मोंढा बंद म्हणजे हमालाची चूल बंद. ओट्यावर बसलेल्यांपैकीच कोणी हा विषय काढला. मुकादमांनी एका वहीवर ज्यांच्या घरी दाणा नाही त्यांची नावे लिहावयास घेतली, आडत्यांकडून उचल आणली आणि ज्वारी वाटली. यादी एकच होती, आणि ती टोळीच्या क्रमाने होती. म्हणून नावे आपोआप एकाआड एक आली. ज्वारी न्यायला माणसे एका रांगेत उभी राहिली आणि आवयांचा पुरवठा बंद पडला, कारण ती ऐकून खरी-खोटी करायला दुसऱ्या गल्लीतला माणूस हाताशी होता. ढोलकी नसती तर ते ओट्यापर्यंत आले नसते. यादी नसती तर पुन्हा आले नसते.

पुढे आम्ही वाचू लागलो तेव्हा भिवंडीची हकीकत कळली आणि तिच्यात आम्हांस आमची वही दिसली. भिवंडी हे मागांचे गाव. मे १९८४ मध्ये तेथे भयंकर दंगल झाली होती. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या शांतता कमिटीत प्रतिष्ठित लोक बसतात. या समित्यांत गल्लीतली साधी माणसे, दोन्ही धर्मांची, पोलीस शिपायासह नियमाने बसत आणि नळापासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळ्याचा विचार करीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. तेथे बसण्याची सवय आधी लागली होती.

जगातही हाच अनुभव आहे. १९९९ साली डॅनिएल बारेनबॉइम हा ज्यू संगीतकार आणि एडवर्ड सैद हा पॅलेस्टिनी विद्वान यांनी जर्मनीतल्या वायमार गावी इस्रायली आणि अरब तरुणांचा एक वाद्यवृंद उभा केला. त्याचा जगभर गाजावाजा झाला. पण बारेनबॉइम स्वतः सांगत आले की, हा वाद्यवृंद शांतता आणील असा त्यांचा दावा नाही. एकमेकांविषयीच्या अज्ञानाशी त्यांचे भांडण आहे. एवढ्या मोठ्या माणसाने एवढाच दावा करावा, यातून सद्भावनेच्या सभा भरविणाऱ्या आमच्यासारख्यांनी शिकण्यासारखे आहे.

आता शेवटचा आणि अवघड भाग. तो टाळून हे व्याख्यान संपविता आले असते. पण नाथांनी आधी भांडण बोलू दिले, हे आम्हीच मघाशी सांगितले आहे.

१७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजेने निजामाची राजवट संपविली. त्याआधी वर्षभर रझाकारांनी या मुलखात जे केले ते येथल्या जुन्या घरांना सांगावे लागत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या जुलमाविरुद्ध लिहिणारा शोएबुल्लाखान हा मुसलमान संपादक ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांच्याच हातून मारला गेला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या लढ्यातील हुतात्म्यांवर पोवाडे आहेत, गीते आहेत, आणि ती दरसाल गाइली जातात. ती गाइलीच पाहिजेत.

पण सप्टेंबरनंतर काय झाले? पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना या भागात पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. त्यांचा अहवाल सरकारने अनेक वर्षे लोकांसमोर आणला नव्हता. पोलीस ॲक्शनच्या वेळी व नंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मेली असा त्यांचा हात राखून केलेला अंदाज आहे. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि त्यांतले बहुतेक रझवीचे कोणी लागत नव्हते. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी सांगितले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. अहमदपूर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते.

याच अहवालात एक मजकूर आहे. तो वाचताना आम्ही वाचनालयात पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमानांस वाचविल्याची उदाहरणेही त्या मंडळींना आढळली. आणि हा बंधुभाव एकाच धंद्यातल्या माणसांत विशेष दिसला, असे ते नमूद करतात. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि तसे करताना स्वतःचे प्राणही दिले. श्रोतेहो, आम्ही आज ज्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहोत ते याहून स्पष्ट कोणी दिलेले नाही. रोज एका कामाला बसणारी माणसे त्या वेळी एकमेकांसाठी उभी राहिली. पण या विणकरांवर गायिलेला पोवाडा आमच्या तरी ऐकण्यात नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने मुक्तिदिनाला गाण्यांचा कार्यक्रम ठरविला. ढोलकीसाठी अर्थातच चाचांकडे गेलो. ते आता थकले होते. म्हणाले, "भाऊ, वाजवायला येतो म्या. पण माझ्या आजाचं नाव तुमच्या कोणत्या गाण्यात हाय?" त्यांचे आजोबा १९४८ च्या त्या दिवसांत मारले गेले होते. पिंजारी होते, गाद्या भरीत. तीस वर्षे एका टोळीत राहून आम्हांस हे ठाऊक नव्हते. त्यांनी सांगितले नाही असे आम्ही म्हणू शकतो. आम्ही विचारले नाही हे अधिक खरे. त्या वर्षी ते आले, वाजवून गेले. आमच्या सगळ्या सद्भावनेच्या सभांत ते असेच येऊन वाजवून गेले होते.

पुढच्या वर्षी आम्ही एवढेच केले. गाण्यांच्या आधी हमालांच्या घरांतील, त्या दोन वर्षांत दोन्हीकडून मेलेल्या माणसांची नावे वाचली. घरोघर विचारून अकरा नावे मिळाली. पाच रझाकारांनी मारलेली, सहा त्यानंतर मारलेली. नावांना चाल नव्हती. काहींना हे आवडले नाही. मुक्तिदिनाच्या आनंदात हे कशाला, असे दोघे उठून म्हणाले. त्यांनाही बोलू दिले. चाचा त्या दिवशी ढोलकी घेऊन आले नव्हते. पुढे जाजमावर बसले होते, आणि शेवटपर्यंत बसले.

हीच गोष्ट जातीची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. आजही पुष्कळ गावांत देवळाच्या पारावर भजन होते आणि बौद्धवाड्यात भीमगीते होतात. दोन्हीकडे तीच ढोलकी, तीच पेटी. इकडचा तिकडे कोण जाऊन बसतो? गावात सलोखा आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच म्हणत असतो की, दोन्ही बैठका वेगवेगळ्या वेळी होतात.

तेव्हा इतिहासाला आम्ही जे विचारले त्याचे उत्तर आम्हांस असे मिळाले. गाणे माणसांना बसवते. ते त्याचे सामर्थ्य, आणि तेवढेच त्याचे काम. कोणास बसविले यावर ते शांतता आणील की मारामारी हे ठरते. १८९४ चे पुणे त्यास साक्ष आहे. बसलेल्यांना टिकविणारे काम संघटनेचे. पण गाण्यावाचूनची संघटना अफवेपुढे कशी उघडी पडते ते १९२९ च्या मुंबईने दाखविले. आणि ज्याच्या मेलेल्यांचे नाव बैठकीत घेतले जात नाही, तो बैठकीत दिसतो खरा, पण त्याला आपण अजून बोलावलेले नसते.

व्याख्यानाच्या शेवटी काहीतरी सूचना करावी असा येथला प्रघात आहे. आमची सूचना लहान आहे. यंदा गावात शांततेसाठी गाण्याची सभा भरेल तेव्हा खुर्च्या ठेवू नयेत. जाजम अंथरावे, म्हणजे पहिली रांग कोणाची हा प्रश्न उरत नाही. पारावरच्या भजनकऱ्यांनी बौद्धवाड्यातल्या गायनपार्टीला आणि संदलच्या मंडळींना आधी जाऊन भेटावे, आणि कार्यक्रम तिघांनी मिळून ठरवावा. आणि गाणे संपल्यावर लगेच आभार मानू नयेत. एक वही काढावी, आणि गावात कोणाचे काय अडले आहे ते तेथेच लिहून घ्यावे. जाजम आमच्या संघटनेचे आहे. जुने आहे, दोन ठिकाणी ठिगळ आहे, पण दोनशे माणसे त्यावर बसतात. ते न्यायला कोणीही यावे.